साठीनंतरची क्रूझ: भाडं कमी दिसतं तेव्हा काय पाहावं

वर्तमानपत्रात पानभर निळा समुद्र आणि खाली 'फक्त' असं लिहून एक आकडा. ते कात्रण घेऊन बरेच काका-काकू आमच्या ट्रॅव्हल एजन्सीत येतात आणि विचारतात, "एवढ्यात खरंच होतं का?" क्रूझ परवडते, पण त्या आकड्यात होत नाही. तो आकडा बहुतेक वेळा माणशी असतो, खोलीत दोघं राहणार असं धरून, खिडकी नसलेल्या खोलीचा. बंदरांचे कर, टिप, जीएसटी आणि विमानभाडं त्यात धरलेलं नसतं. म्हणून आम्ही कोटेशन देताना घरातून निघाल्यापासून परत दाराचं कुलूप उघडेपर्यंतचा एकच आकडा काढून देतो. दुसरीकडे चौकशी केलीत तर तिथेही तसाच मागा, म्हणजे तुलना तरी सारखी होईल.

तारीख मोकळी, बंदर जवळ

शाळेच्या सुट्ट्या आणि ऑफिसच्या रजा यांच्याशी तुमचा संबंध उरलेला नाही. क्रूझच्या बाजारात याइतकी मोठी सवलत दुसरी नाही. दिवाळी, नाताळ आणि मे महिना सोडला की त्याच जहाजाची तीच खोली बऱ्याच कमी भाड्यात मिळते. मुंबईहून सुटणाऱ्या सफरींत शनिवार-रविवार टाळून आठवड्याच्या मधली तारीख घ्या. भाडं उतरतंच, शिवाय शांतता मिळते. वीकेंडला जहाजावर तरुणांचे ग्रुप असतात आणि पोहण्याच्या तलावापाशी डीजे रात्री उशिरापर्यंत चालतो. कुणाला ते आवडतंही, आमची तक्रार नाही.

'शेवटच्या क्षणी बुक करा आणि पैसे वाचवा' हा सल्ला इंटरनेटवर सगळीकडे दिसतो. त्याचं कारण असं की पूर्ण पैसे भरायची मुदत, जी साधारण दोन-तीन महिने आधीची असते, ती संपली की रिकाम्या राहिलेल्या खोल्या कंपन्या उतरत्या भावाने काढतात. पण पुण्या-नाशिकच्या माणसाने यातून युरोपची क्रूझ उचलली, तर जे भाड्यात वाचलं ते विमानाच्या तिकिटात जातं. व्हिसाची तारीख मिळते की नाही, ही धाकधूक वेगळीच. हा मार्ग दोनच ठिकाणी चालतो. एक म्हणजे मुंबई बंदर, कारण विमान नाही आणि व्हिसाही नाही. दुसरं म्हणजे मुलांकडे अमेरिकेत चार-सहा महिने राहायला गेलेले आई-वडील. तिथे व्हिसा हातात असतो, दिवस मोकळे असतात आणि बंदर गाडीने गाठता येतं. न्यू जर्सीत मुलगी असेल तर बेयॉनच्या बंदरातून बर्म्युडाकडे आणि कॅरिबियनकडे जहाजं जातात. सिएटलला मुलगा असेल तर दारातच अलास्काची क्रूझ. तिकडच्या काही कंपन्या ५५ वर्षांपुढच्या रहिवाशांना निवडक सफरींवर सवलतही देतात; ती तुम्हाला लागू होते का, हे बुकिंग करताना मुलांना विचारायला सांगा.

अलास्काबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण यात बरेच जण अडकतात. जहाज सिएटलहून निघून सिएटललाच परत येतं, म्हणून अमेरिकेचा व्हिसा पुरेल असं वाटतं. तो पुरत नाही. अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदवलेल्या, जहाजाला अमेरिकेच्या बंदरांमधली अशी प्रवासी फेरी करायची तर वाटेत परदेशातलं एखादं बंदर घ्यावंच लागतं. मोठी क्रूझ जहाजं जवळजवळ सगळीच परदेशी झेंड्याची असतात. त्यामुळे ती कॅनडातल्या व्हिक्टोरियाला काही तास थांबतात, बहुधा शेवटच्या संध्याकाळी. तुम्ही उतरा वा न उतरा, भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतो आणि तो नसेल तर जहाजावर चढूच देत नाहीत. हे काम भारतातून निघण्यापूर्वीच उरकावं. तिकडे मात्र महिना निवडायचा तर मे घ्या. मे आणि सप्टेंबर दोन्ही महिन्यांत भाडं जुलैपेक्षा कमी असतं, पण त्या किनाऱ्यावर मे त्यातल्या त्यात कोरडा, आणि सप्टेंबरात छत्री मिटता येत नाही.

मुंबई आणि सिंगापूर

पहिल्यांदाच जात असाल तर मुंबईहून दोन-तीन रात्रींची सफर करून बघा. बोट लागते का, जेवण मानवतं का, एवढ्या गर्दीत करमतं का, हे कमी खर्चात कळतं. कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं 'एम्प्रेस' जहाज सप्टेंबर २०२१पासून या फेऱ्या करतं. ते १९९०चं जहाज आहे, पूर्वी रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीकडे होतं. आजच्या अवाढव्य जहाजांच्या मानाने लहान, त्यामुळे खोल्याही लहान आणि बाल्कन्या मोजक्या. पण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालणंही कमी, आणि गुडघे कुरकुरत असतील तर ही जमेची बाजू. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरच्या या फेऱ्या बंद असतात.

गोव्यात जहाज मुरगावला लागतं. चौघांनी मिळून टॅक्सी केली की मंगेशी आणि कवळ्याची शांतादुर्गा एका दिवसात आरामात होते. लक्षद्वीपचं मात्र विचार करून ठरवा. तिथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, समुद्रातच हलत्या जहाजातून छोट्या होडीत उतरावं लागतं. खलाशी दोन्ही दंडांना धरतात, तरी पाऊल तुम्हालाच टाकायचं असतं. वारा असेल तर बेटावर उतरणं रद्द होतं. युरोपातल्या सँटोरिनीलाही होडीनेच उतरतात, म्हणून कुठल्याही सफरीत 'किती बंदरांत होडी आहे' हा प्रश्न विचाराच.

सिंगापूरहून तीन-चार रात्रींच्या क्रूझ पेनांग, पोर्ट क्लांग, फुकेत या बाजूला जातात. आमच्या मते पैसे वसूल होणारी ही सगळ्यांत सोपी परदेशी सफर. सिंगापुरात हॉटेल आणि जेवण दोन्ही महाग. जहाजाच्या भाड्यात मात्र खोली, तिन्ही वेळचं जेवण आणि रात्रीचे कार्यक्रम येतात. म्हणून शहरात दोन रात्री आणि जहाजावर चार रात्री, अशी वाटणी त्याच्या उलट केली त्यापेक्षा स्वस्त पडते. भारतीय प्रवासी भरपूर असल्याने शाकाहारी आणि जैन जेवण तिथल्या जहाजांवर सहज मिळतं. युरोप-अमेरिकेच्या जहाजांवर ते आधी कळवून ठेवावं लागतं, आणि रोज वरण-भाताची खात्री आम्ही देणार नाही. चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी कुठेच नाही. फळं आणि दही मात्र मुबलक. एक लक्षात असू द्या: पोर्ट क्लांगहून क्वालालंपूर रस्त्याने तासाभराच्या अंतरावर आहे. म्हणून तो दिवस जहाजावरच निवांत काढला तरी बिघडत नाही.

खोली

आतली, समुद्र दिसणारी खिडकी, बाल्कनी आणि स्वीट (बसायला वेगळी जागा असलेली मोठी खोली) असे चार प्रकार. दिवसभर डेकवर बसणाऱ्याला आतली खोली पुरते. ज्यांना दुपारी आडवं व्हायचं असतं किंवा जोडीदाराला फार फिरवत नाही, त्यांनी बाल्कनीवर पैसे घालावेत, तिथे ते सत्कारणी लागतात.

'गॅरंटी' नावाचं एक स्वस्त भाडं असतं. त्यात खोलीचा प्रकार पक्का, पण क्रमांक कंपनी ठरवते. मग खोली जहाजाच्या अगदी टोकाला, लिफ्टपासून लांब किंवा डिस्कोच्या वर येऊ शकते. आम्ही ज्येष्ठांना हे सहसा सुचवत नाही. जहाजाच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर आणि लिफ्टच्या जवळ अशी खोली घ्या. तिथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात, आणि खालचा मजला म्हणून भाडंही कमी.

न्हाणीघराच्या दाराला बहुतेक जहाजांवर उंच उंबरा असतो, रात्री अंधारात त्याला पाय अडखळतो. व्हीलचेअर जाईल अशा, उंबरा नसलेल्या खोल्या मोजक्याच असतात आणि लवकर संपतात, त्यामुळे त्यांच्यासाठी सहा-आठ महिने आधी सांगा.

तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं बरंच कमी असतं म्हणून 'नातवंडांसोबत एकाच खोलीत राहू' असं ठरतं. ते जादा पलंग रेल्वेच्या वरच्या बर्थसारखे भिंतीतून उघडतात. नातवंडं लहान असतील तरच तो हिशोब जमतो. एकट्या प्रवाशाला बहुतेक ठिकाणी जवळजवळ दोघांचं भाडं पडतं. नॉर्वेजियन या क्रूझ कंपनीच्या काही जहाजांवर एकट्यासाठीच्या खोल्या आहेत. नाहीतर बहिणीला किंवा मैत्रिणीला बरोबर घ्या. जोडपलंग सुटे करून मिळतात.

भाड्यानंतरचा खर्च

अमेरिकन कंपन्यांच्या जहाजांवर टिप साधारण माणशी दिवसाला १६ ते २० डॉलर धरा. दोघं, सात रात्री, १८ डॉलरने २५२ डॉलर झाले. ही रक्कम आधीच भरता येते. दारूचं पॅकेज न पिणाऱ्याने घेऊ नये, हे वेगळं सांगायला नको. पण काही कंपन्या एका खोलीतल्या एकाने घेतलं की दुसऱ्यालाही घ्यायला लावतात. बुफेतला चहा-कॉफी सहसा भाड्यातच असतो.

मोबाइल जहाजावर चढताक्षणी एअरप्लेन मोडवर टाका. भर समुद्रात फोन जहाजाचं उपग्रहाचं नेटवर्क पकडतो आणि व्हॉट्सॲपवर नातवाचे फोटो उघडले एवढ्यावर मोठं बिल येऊ शकतं. लागलं तर जहाजाचं वायफाय घ्या, दोघांत एकाने पुरतं.

बंदरावरच्या सहली जहाजाच्या काउंटरवर महाग वाटतात. बाहेरून टॅक्सी करणं स्वस्तच, पण परतायला उशीर झाला तर जहाज थांबतं ते स्वतःच्या सहलीच्या बससाठी, तुमच्या टॅक्सीसाठी नाही. जवळचं ठिकाण असेल तर स्वतः फिरा, लांबचं असेल तर जहाजाची सहल घ्या.

परदेशी पॅकेजवर सरकार टीसीएस, म्हणजे पॅकेज विकतानाच वसूल होणारा आगाऊ कर, घेतं. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि आयकर विवरणपत्र भरलं की करात वळता होतो किंवा परत मिळतो. उत्पन्न करपात्र नसल्याने विवरणपत्रच न भरणारे हे पैसे नकळत सोडून देतात.

विमा आणि औषधं

इथे काटकसर करू नका. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचं बिल तुमच्या खोलीच्या खात्यावर चढतं आणि विम्याचे पैसे मागाहून मागावे लागतात. भारतातली आरोग्य पॉलिसी साधारणपणे तिथे चालत नाही. प्रवास विमा घेताना मधुमेह, रक्तदाब, बायपास हे सगळं खरं लिहा, आणि पॉलिसीत आधीपासूनचे आजार व समुद्रातून रुग्णाला हलवण्याचा खर्च धरला आहे का ते वाचा. बोट लागू नये म्हणून मिळणाऱ्या काही गोळ्या काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांना चालत नाहीत, तेव्हा स्वतःच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. औषधं हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा बंदरावर जमा होतात आणि खोलीत यायला संध्याकाळ होते.

आमच्याकडे येताना

पासपोर्ट आणा, परतीच्या तारखेनंतर सहा महिने तरी तो चालू असायला हवा. रोजच्या औषधांची यादी, जुनी विमा पॉलिसी आणि तुमच्याकडे आलेलं दुसरं एखादं कोटेशन असेल तर तेही आणा, शेजारी ठेवून बघू. जिने चढवतात का, किती चालवतं, हे मुलांसमोर संकोच न करता सांगा, कारण खोली आणि बंदरं आम्ही त्यावरूनच निवडतो. दुपारी चारनंतर गर्दी कमी असते.