साखरेचा एक बंध

गळीत हंगाम सुरू झाला की सोलापूर जिल्ह्यातील रस्त्यांवर उसाने भरलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या दिसू लागतात, आणि कारखान्यांच्या प्रयोगशाळांमध्ये रसाचा ब्रिक्स आणि पोल मोजण्याचे काम सुरू होते. ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेल्या एकूण घन पदार्थांचे प्रमाण, तर पोल म्हणजे पोलारिमीटर या उपकरणाने मोजलेले साखरेचे प्रमाण. रसातून ध्रुवित प्रकाश, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश, सोडला की साखरेचे रेणू त्या प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळवतात, आणि ते किती अंशांनी वळले यावरून साखर किती आहे हे समजते. सोलापुरात जीवरसायनशास्त्र शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला विकरांची, म्हणजे पेशीतील रासायनिक क्रिया वेगवान करणाऱ्या एन्झाइमांची, ओळख करून द्यायची असेल, तर मी याच उपकरणापासून सुरुवात करीन. विकरांच्या वेगाचे जे गणित आज जगभरच्या अभ्यासक्रमांत शिकवले जाते, ते उसात असते त्याच साखरेवर आणि अशाच उपकरणाच्या साहाय्याने मांडले गेले.

ही साखर म्हणजे सुक्रोज. ग्लुकोजचा एक रेणू आणि फ्रुक्टोजचा एक रेणू ऑक्सिजनच्या एका अणूने सांधले की सुक्रोज तयार होते. हा सांधा तोडायला पाण्याचा एक रेणू पुरतो, आणि रासायनिक हिशेबाने तो तुटणे फायद्याचेच असते. तरीही २५ अंश सेल्सिअसला उदासीन पाण्यात साखर नुसती विरघळवून ठेवली, तर तिच्यातील निम्मे बंध आपोआप तुटायला सुमारे ४४० वर्षे लागतील. इन्व्हर्टेज नावाचे विकर हेच काम काही मिनिटांत करते. त्याच्या नावातच पोलारिमीटर दडलेला आहे: सुक्रोजचे विशिष्ट वलन (ठरावीक मापाच्या द्रावणात प्रकाशाचे प्रतल वळण्याचा कोन) उजवीकडे सुमारे ६६.५ अंश असते, पण ते पूर्ण तुटल्यावर उरणाऱ्या ग्लुकोज-फ्रुक्टोजच्या मिश्रणाचे वलन डावीकडे सुमारे २० अंश भरते, म्हणजे प्रकाशाची दिशाच उलटते, आणि उलटणे या अर्थानेच त्याला 'इन्व्हर्ट' म्हटले गेले.

हे विकर उसातही असते. ऊस वाढीला लागलेला असताना त्याच्या पेशींतील आम्लधर्मी इन्व्हर्टेज जोमात काम करते, कारण वाढणाऱ्या कांड्यांना सुट्या ग्लुकोज-फ्रुक्टोजची गरज असते. ऊस पक्व होत जातो तसे हे विकर ओसरते आणि साखर साठू लागते. तोडणीनंतर मात्र चित्र पालटते. कांडीतील इन्व्हर्टेज पुन्हा सक्रिय होते, कापलेल्या टोकांतून जिवाणू आत शिरून आपली विकरे कामाला लावतात, आणि फडात किंवा कारखान्याच्या आवारात ऊस जितका काळ पडून राहील तितकी साखर तुटत जाते. ऊस वाळल्यामुळे वजन घटते ते शेतकऱ्याला काट्यावर दिसते. साखर तुटल्यामुळे होणारे नुकसान वजनात दिसत नाही; ब्रिक्स फारसा न घटता पोल खाली येतो आणि शेवटी उतारा, म्हणजे उसातून हाती येणाऱ्या साखरेचे प्रमाण, घसरतो. हंगामाच्या अखेरीस आपल्याकडे पारा चाळिशीकडे सरकतो तेव्हा हा ऱ्हास अधिक वेगाने होतो, कारण ठरावीक मर्यादेपर्यंत तापमानाबरोबर विकरांचा वेग वाढतो. तोडलेला ऊस लवकरात लवकर गाळपाला नेण्याच्या आग्रहामागे हे जीवरसायनशास्त्र आहे.

विद्यार्थी प्रयोगशाळेत हेच विकर बेकरीच्या यीस्टमधून काढतात. यीस्टच्या पेशी फोडून मिळालेला निवळ अर्क वेगवेगळ्या संहतीच्या साखरेच्या द्रावणांत घालायचा, ठरावीक मिनिटांनी त्यात डीएनएसए हे अभिकर्मक टाकायचे आणि परीक्षानळ्या उकळत्या पाण्यात ठेवायच्या. साखर तुटलेली असेल त्या प्रमाणात पिवळ्या द्रावणाचा रंग नारिंगी ते विटकरी लाल होत जातो, आणि त्याची तीव्रता कलरिमीटरवर ५४० नॅनोमीटरला मोजता येते. अखंड सुक्रोज हा रंग देत नाही, कारण त्याच्या दोन्ही घटकांची क्रियाशील टोके त्या एका बंधात अडकलेली असतात. बंध तुटला की ती मोकळी होतात. म्हणजे रंग दिसतो तो फक्त झालेल्या कामाचा. या प्रयोगात सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे अर्ध्या तासाने एकच रीडिंग घेणे. तोवर साखर संपत आलेली असते, वेग मंदावलेला असतो, आणि आपण विकराचा वेग मोजला असे समजून प्रत्यक्षात उरलेल्या साखरेची टंचाई मोजतो. मोजायचा असतो तो सुरुवातीचा वेग.

असे सुरुवातीचे वेग साखरेच्या संहतीसमोर मांडले की आलेख आधी झपाट्याने चढतो आणि मग आडवा होत जातो. त्याचे कारण कारखान्याच्या गव्हाणीपाशी, म्हणजे गाळपासाठी ऊस टाकतात त्या जागेपाशी, उभे राहिले की लगेच समजते. आवारात चार गाड्या असतील तर गव्हाण मधूनमधून रिकामी राहते, आणि आणखी चार गाड्या आल्या की गाळप वाढते. पण चारशे गाड्यांची रांग लागल्यावर आणखी शंभर आल्या तरी गाळप वाढत नाही, कारण गव्हाण आधीच भरलेली असते. विकराची गव्हाण म्हणजे त्याच्या रेणूवरील ती खाच, जिच्यात सुक्रोज येऊन बसते आणि जिच्यातील अमिनो आम्ले बंधावर नेमकी क्रिया करतात. कमाल वेगाच्या निम्मा वेग ज्या संहतीला मिळतो, तिला मायकेलिस स्थिरांक म्हणतात. हा आकडा जितका लहान, तितक्या विरळ द्रावणातही ते विकर जोमाने काम करते.

या आलेखाचे समीकरण १९१३ साली बर्लिनमध्ये लिओनोर मायकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी प्रसिद्ध केले. मेंटेन या कॅनडातील वैद्यकीय पदवीधर; आपल्या विषयात संशोधन करता यावे म्हणून त्या समुद्र ओलांडून जर्मनीत गेल्या होत्या. तसे पाहता याच स्वरूपाचे समीकरण फ्रान्समध्ये व्हिक्टर आंरी यांनी १९०३ सालीच मांडले होते, पण त्यांच्या मोजमापांत दोन उणिवा होत्या. द्रावणाची आम्लता त्यांनी स्थिर ठेवलेली नव्हती, आणि सुक्रोज तुटल्यावर नव्याने मोकळ्या झालेल्या ग्लुकोजचे वलन स्थिरावायला वेळ लागतो, हेही हिशेबात घेतलेले नव्हते. मायकेलिस आणि मेंटेन यांनी बफर, म्हणजे आम्लता बदलू न देणारे द्रावण, वापरून आम्लता बांधून ठेवली, आणि ठरलेल्या वेळी द्रावणात अल्कली घातली. तिने विकराचे काम जागच्या जागी थांबले आणि वलनही झटपट स्थिरावले. इन्व्हर्टेजसाठी त्यांना मिळालेला मायकेलिस स्थिरांकाचा आकडा होता दर लिटरला ०.०१६७ मोल. आपल्या प्रयोगशाळेतील डीएनएसएसुद्धा अल्कलीयुक्त असते आणि रंग देण्याबरोबर क्रियाही थांबवते, त्यामुळे मेंटेन यांची ती युक्ती आजचा विद्यार्थी नकळत पुन्हा वापरत असतो. समीकरण पाठ करून घेण्याआधी ही हकिकत वर्गात सांगितली जावी असे मला मनापासून वाटते, कारण त्या दोघांचे मोठेपण मोजण्याच्या शिस्तीत होते.

बंध तुटल्यावर पुढे काय होते, या प्रश्नापासून चयापचयाच्या मार्गांचा अभ्यास सुरू होतो, आणि तिथेही आरंभी साखरच भेटते. १८९७ साली एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर घोटून, दाबून त्याचा पेशीविरहित रस काढला. तो नासू नये म्हणून त्यात भरपूर साखर घातली गेली, आपण मुरांबा टिकावा म्हणून घालतो तशीच, आणि रसाला बुडबुडे येऊ लागले. जिवंत पेशीशिवाय किण्वन होते हे त्या बुडबुड्यांनी दाखवून दिले, आणि १९०७ साली बुखनर यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे आर्थर हार्डेन आणि विल्यम यंग यांना आढळले की असे किण्वन मंदावले की त्यात फॉस्फेट घातल्याबरोबर ते पुन्हा वेग घेते, आणि ते फॉस्फेट साखरेच्याच रेणूला जाऊन चिकटते. फॉस्फेट अचूक मोजण्याची रीत सायरस फिस्के आणि आंध्रातील भीमवरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी १९२५ साली दिली. ती आजही अभ्यासक्रमात आहे. पेशीचे ऊर्जाचलन असलेला एटीपी हा रेणू १९२९ साली जर्मनीत कार्ल लोमान यांना आणि अमेरिकेत फिस्के-सुब्बाराव यांना स्वतंत्रपणे सापडला.

आज तक्त्यावर दिसणारा ग्लायकोलायसिसचा, म्हणजे ग्लुकोज तोडून ऊर्जा मिळवण्याचा, मार्ग दहा पायऱ्यांचा आहे. ग्लुकोजच्या एका रेणूमागे आधी दोन एटीपी खर्ची पडतात, मग चार मिळतात, हाती दोन उरतात. दहा विकरांची नावे क्रमाने पाठ करणे अवघड नसते, पण परीक्षेनंतर ती टिकत नाहीत. माझ्या मते या दहांतील तीन पायऱ्यांवर दहापट वेळ द्यावा. पेशीतल्या परिस्थितीत या तीन पायऱ्या जवळजवळ एकाच दिशेने जातात, आणि मार्गाचे नियंत्रण तिथेच बसवलेले असते.

त्यांपैकी मुख्य दार तिसऱ्या पायरीवर आहे: फॉस्फोफ्रुक्टोकायनेज हे विकर. उजनी धरणाच्या कालव्याचे दार पाहिलेल्यांना याचे काम सांगायला नको. शेवटच्या चारीवरची शिवारे भिजली की वरचे दार खाली यायला हवे, आणि तिथे तहान असेल तर वर उचलले जायला हवे. या विकरावर मूळ खाचेखेरीज आणखी काही जागा असतात. एटीपी मुबलक झाला की तो त्यांपैकी एका जागेवर बसतो, विकराचा आकार किंचित बदलतो आणि दार अर्धवट मिटते; एटीपी खर्च होऊन एएमपी (एटीपीतील दोन फॉस्फेट गेल्यावर उरणारा रेणू) वाढला की दार उघडते. यातली खुबी अशी की धावणाऱ्या माणसाच्या स्नायूतही एटीपीचे प्रमाण फारसे घटत नाही. पण एटीपीचा साठा एएमपीच्या कितीतरी पट असल्यामुळे, आणि दोघांमध्ये समतोल राखणारे एक विकर तिथेच असल्यामुळे, एटीपीत थोडी घट झाली तरी एएमपी अनेक पटींनी वाढतो. दाराला कळते ते या वाढीवरून.

आता साखरेचा दुसरा अर्धा भाग, फ्रुक्टोज. यकृतात त्याचा मार्ग वेगळा आहे. एक विकर त्याला फॉस्फेट जोडते, आल्डोलेज-बी हे दुसरे विकर त्याचे दोन तुकडे करते, आणि ते तुकडे ग्लायकोलायसिसमध्ये मुख्य दाराच्या खालच्या बाजूला येऊन मिळतात. म्हणजे यकृतातले फ्रुक्टोज ते दार टाळून जाते, आणि एटीपी भरपूर असतानाही त्याचे विघटन चालू राहते.

काही थोड्या मुलांमध्ये आल्डोलेज-बी जन्मतःच सदोष असते. आईच्या दुधात फ्रुक्टोज नसते, म्हणून सुरुवातीचे महिने बाळ ठणठणीत असते. उष्टावणानंतर गुळाची खीर, साखरपाणी, फळांचा रस पोटात जाऊ लागला की उलट्या सुरू होतात आणि रक्तातील ग्लुकोज घसरते. फ्रुक्टोजला जोडलेले फॉस्फेट पुढे सरकत नाही, यकृताचा फॉस्फेटचा साठा त्यातच अडकून पडतो, एटीपी बनवायला तो पुरत नाही, आणि ग्लायकोजेन या साठवलेल्या रूपातून ग्लुकोज सोडवण्याचे कामही अडते. निदान झाले की फ्रुक्टोज आणि साखर असलेले सर्व पदार्थ आहारातून काढून टाकणे हाच उपचार असतो. पण अनेकदा ही मुले डॉक्टरांनी सांगण्याआधीच गोड पदार्थ दूर लोटायला शिकलेली असतात, आणि मोठेपणी त्यांच्या दातांना सहसा कीड लागलेली आढळत नाही.