सेंट टिकत नाही की नाक?

सोलापुरात दोन तक्रारी बारमाही. नळाला रोज पाणी येत नाही ही एक, आणि "एवढा महागाचा सेंट घेतला, अर्ध्या तासात वास गायब" ही दुसरी. पहिलीवर माझ्याकडे इलाज नाही. दुसरी मात्र बहुतेक वेळा चुकीची असते, आणि ती का चुकीची याचं उत्तर इतकं देखणं आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तक्रार करणारा खोटं बोलत नसतो. त्याला खरंच वास येत नसतो. मग दुबईहून बाटली आणणाऱ्या मेव्हण्यावर संशय जातो, माल डुप्लिकेट ठरतो आणि शर्टावर आणखी चार फवारे बसतात. त्याच वेळी ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा माणूस उठून खिडकी उघडत असतो. रेणू हवेत आहेतच. ज्याने सेंट लावला त्याच्या नाकाने तेवढी दखल घेणं बंद केलंय.

बाटलीत काय असतं ते आधी उरकून घेऊ. मोठा भाग अल्कोहोल. ते ७८ अंश सेल्सिअसला उकळतं, म्हणजे कातडीवर पडल्या पडल्या उडायला लागतं. त्यामागून जातात ते हलके रेणू: लिंबू-संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन (रेणुभार १३६), लॅव्हेंडरमधलं लिनॅलूल (१५४). दुकानात "वा!" म्हणायला लावतात ते हेच, आणि पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात निरोप घेतात तेही हेच. मागे उरतात ते जड रेणू: हेडिओन (२२६), आयसो ई सुपर (२३४), अँब्रॉक्सॅन (२३६), गॅलॅक्सोलाइड (२५८). हे तासन् तास राहतात, कापडावर तर दुसऱ्या दिवसापर्यंत. दिऑर या फ्रेंच कंपनीने १९६६ साली 'ओ सोव्हाज'मध्ये हेडिओन वापरलं आणि पुरुषांच्या सेंटला एक मोकळी, हवेशीर चाल मिळाली. २००६ साली 'मॉलिक्यूल ०१' नावाचा सेंट आला, त्यात सुगंधी द्रव्य म्हणून फक्त आयसो ई सुपर! आणि २०१५ च्या 'सोव्हाज'मध्ये अँब्रॉक्सॅनचा डोस असा भरभक्कम की तो माणसाच्या आधी खोलीत शिरतो. आज पुरुषांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या सेंटांपैकी पुष्कळांचा तळ याच मूठभर रेणूंवर उभा आहे. बाटल्या वेगळ्या, जाहिरातीतले नट वेगळे, तळाचा माल बराचसा सारखा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता नाक. नाकपोकळीच्या अगदी वर, दोन डोळ्यांच्या मधल्या उंचीवर, काही चौरस सेंटिमीटरचं एक अस्तर आहे. त्यात लक्षावधी चेतापेशी असतात आणि प्रत्येकीचे बारीक तंतू शेंबडाच्या पातळ थरात बुडालेले असतात. (शेंबूड म्हटल्यावर नाक मुरडू नका. पॅरिसचा सेंटही याच थरात विरघळल्याशिवाय कळत नाही.) तंतूंवर वास पकडणारी प्रथिनं असतात, त्यांना ग्राही म्हणू. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली या ग्राहींच्या जनुकांचं मोठं कुटुंब शोधून काढलं आणि २००४ साली त्यांना नोबेल मिळालं. माणसात असे सुमारे ४०० प्रकारचे कामाचे ग्राही आहेत, आणि एका पेशीवर साधारणपणे एकाच प्रकारचा ग्राही असतो.

अँब्रॉक्सॅनचा एक रेणू त्याला जुळणाऱ्या ग्राहीवर बसला असं समजा. ग्राही आपला आकार किंचित बदलतो आणि पेशीच्या आतल्या बाजूचं एक जी-प्रथिन जागं होतं. ते एका विकराला (एन्झाइमला) चालना देतं. तो विकर सायक्लिक एएमपी नावाचे छोटे निरोप्ये भराभर तयार करतो. हे निरोप्ये पेशीच्या भिंतीतल्या वाहिन्यांना आतून चिकटतात, वाहिन्या उघडतात, आणि बाहेरचे सोडियम व कॅल्शियमचे आयन आत घुसतात. आत आलेलं कॅल्शियम आणखी एक काम करतं: ते क्लोराइडच्या वेगळ्या वाहिन्या उघडतं. इतर बहुतेक चेतापेशींत क्लोराइड आत शिरतो आणि पेशीला शांत करतो. इथे उलटं आहे. घ्राणपेशीने क्लोराइड आधीच आत साठवून ठेवलेला असतो, म्हणून तो बाहेर पळतो. ऋण भार बाहेर गेला म्हणजे आतला धन भार आणखी वाढला. संदेश मोठा झाला आणि मेंदूकडे निघाला. मोजक्या रेणूंचं एवढं मोठं प्रकरण होतं ते या दुहेरी वाढीमुळे.

आणि आता यातली खरी गंमत. ज्या कॅल्शियमने संदेश मोठा केला, तेच कॅल्शियम ब्रेकही लावतं. ते कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला जाऊन मिळतं, आणि ही जोडी वाहिनीची सायक्लिक एएमपीबद्दलची ओढ कमी करते. मघाशी जेवढ्या निरोप्यांनी वाहिनी उघडत होती, तेवढ्यांनी आता उघडत नाही. जास्त लागतात. सायक्लिक एएमपी मोडून टाकणारे विकरही आपलं काम चालू ठेवतात. रेणू येतच आहेत, ग्राहीवर बसतच आहेत, पण पेशी हळूहळू गप्प होते. म्हणजे गप्प बसवण्याची यंत्रणा बोलण्यातच बसवलेली आहे. जितक्या जोरात पेशी ओरडते, तितका कॅल्शियम आत येतो, तितका ब्रेक घट्ट. असा नमुना कुणी इंजिनिअरने काढला असता तर त्याला पगारवाढ द्यायला हवी होती.

पूर्व भागात यंत्रमागावर काम करणाऱ्याला खटखटाट जाणवत नाही, तसंच हे, असं कुणी म्हणेल. थोडंसंच तसं. मागाच्या आवाजात कान बऱ्यापैकी ऐकत असतो, दुर्लक्ष मुख्यतः मेंदू करतो. वासात मात्र पहिली कुऱ्हाड थेट पेशीवरच पडते, आणि त्यानंतर मेंदू वरून आणखी पांघरूण घालतो. वास येणं थांबल्यावर पेशी आतलं कॅल्शियम बाहेर उपसते आणि ताळ्यावर येते. थोडाच वेळ वास घेतला असेल तर हे काम लवकर आटपतं. पण मेंदूचं पांघरूण चिवट असतं. फिलाडेल्फियात १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना दोन आठवडे घरात एकच वास ठेवायला दिला होता. नंतर तो वास काढून घेतल्यावरही त्यांचं नाक त्या वासापुरतं बरेच दिवस मंदच राहिलं. रोज एकच सेंट लावणाऱ्याचा हात दर महिन्याला जड का होत जातो, ते यावरून कळेल.

तर नाक हे वास किती आहे ते मोजण्याचं यंत्र नाही. वास किती बदलला ते मोजण्याचं यंत्र आहे. एवढं पटलं की सेंटच्या दुकानातला अर्धा घोटाळा उलगडतो.

पुण्या-मुंबईच्या मॉलइतके टेस्टर आपल्याकडे नाहीत. त्यामुळे सोलापूरकर पुण्याला गेला की एका दमात आठ-दहा सेंट हुंगून येतो. पहिल्या कागदी पट्टीवर 'सोव्हाज', दुसरीवर शनेलचा 'ब्लू', तिसरीवर क्रीडचा 'अव्हेंटस', पुढे विक्रेता देईल ते. आता तळाचा माल आठवा. पहिल्या पट्टीने अँब्रॉक्सॅन ओळखणाऱ्या पेशी गप्प केल्या. दुसऱ्या सेंटमध्ये त्याच जातीचं काही असेल तर ते नाकाला दिसतच नाही. वरची लिंबू-मिरी तेवढी कळते आणि सेंट पातळ वाटतो. याला परस्पर-अनुकूलन म्हणतात. क्रम उलटा केला तर निकाल उलटू शकतो. "मी दहा सेंट शेजारी शेजारी तपासले, अमुकच भारी" असं कुणी छातीठोकपणे सांगितलं की मी विचारतो, कुठला आधी हुंगला होता?

इथे काउंटरवरच्या कॉफीच्या बिया पुढे येतात. "सर, कॉफी हुंगा, नाक रीसेट होतं." होत नाही. २०११ साली अमेरिकेत काही मानसशास्त्रज्ञांनी हे तपासलं: काही सेंट हुंगल्यावर एका गटाला कॉफीच्या बिया, दुसऱ्याला लिंबाची फोड, तिसऱ्याला साधी हवा. नंतर नवा वास ओळखण्यात कॉफीवाले साध्या हवेवाल्यांपेक्षा काही सरस ठरले नाहीत. ठरतील कसे? कॉफीच्या वासातच शेकडो रसायनं आहेत. त्यांनी पेशीतलं कॅल्शियम बाहेर जात नाही, फक्त नव्या पेशींना कामाला लावलं जातं. उपाय एकच, वेळ. बाहेर जा, चहा घ्या, परत या. एका फेरीत तीनाच्या वर सेंट नकोत. पट्ट्यांवर नावं लिहा आणि दुसऱ्या दिवशी उलट्या क्रमाने हुंगा.

विजापूर वेशीतल्या अत्तरवाल्याची पद्धत मला या बाबतीत शहाणी वाटते. तो तळहाताच्या मागच्या बाजूला एक काडी फिरवतो आणि "फिरून या" म्हणतो. पारंपरिक अत्तर चंदनाच्या तेलात उतरवलेलं, त्यात अल्कोहोल नाही, म्हणून पहिला झटका नाही. मूळ गंध सावकाश वर येतो. (आज स्वस्त कुप्यांत चंदनतेल शोधू नका, बिनवासाचं द्रावण असतं.)

आता आपल्या उन्हाबद्दल. एसी शोरूममध्ये २४ अंश आणि बाहेर मे महिन्यातले ४२. तापमान वाढलं की बाष्पदाब वाढतो, हे शाळेत शिकलो. पण सगळ्या रेणूंचा सारख्या पटीत वाढत नाही हे शिकवायचं राहून जातं. ज्याला उडायला जास्त ऊर्जा लागते, त्याचा बाष्पदाब तापमानाबरोबर जास्त पटीत वाढतो. ढोबळ हिशेबाने २४ वरून ४२ अंशांवर गेल्यावर लिमोनीनचा बाष्पदाब तिपटीच्या आसपास जातो, आणि जड रेणूंचा पाच पटीच्या आसपास. म्हणजे उन्हात सेंट नुसता मोठा होत नाही, त्याचा तोलच बदलतो. एसीत जो तळाशी गुपचूप बसला होता तो कस्तुरी-लाकडासारख्या वासाचा जड भाग सात रस्त्याला पोचेपर्यंत अंगावर येतो. कातडीचं तापमान शरीर बऱ्यापैकी सांभाळतं, म्हणून मनगटावर फरक कमी पडतो. कागदी पट्टीवर आणि शर्टावर मात्र पुरेपूर. म्हणून उन्हाळ्यासाठी सेंट घ्यायचा तर दोन मिलिलिटरचा डिकॅन्ट (मूळ बाटलीतून छोट्या कुपीत काढलेला सेंट) मागवा आणि दुपारी बारा वाजता लावून बघा. दोनशे-तीनशे रुपये जातील, पंधरा हजार वाचतील. आणि मनगटं एकमेकांवर घासल्याने "रेणू फुटतात" हे खरं नाही. रेणूंचे बंध इतके कच्चे नसतात. घासल्याने ऊब येते आणि हलका भाग लवकर उडतो, एवढंच.

याच बाजारात आणखी दोन गोष्टी विकल्या जातात. एक वशीकरण अत्तर, मंत्र घालून, खास अमावास्येचं. दुसरं फेरोमोन परफ्यूम, इंग्रजी लेबल लावून. पहिल्याला हसणारे सुशिक्षित दुसरं ऑनलाइन मागवतात. अनेक प्राण्यांत फेरोमोन पकडायला नाकात वेगळं इंद्रिय असतं. माणसात त्याचा अवशेषच उरलाय आणि त्याच्या संदेशवहनासाठी लागणारं टीआरपीसी२ हे जनुक मोडून पडलेलं आहे. समोरच्याला मोहून टाकणारं एखादं मानवी फेरोमोन आजवर सिद्ध झालेलं नाही. अमावास्या निदान स्वस्तात पडते.

शेवटी लाखमोलाचा प्रश्न: मूळ सेंट आणि त्याची दीड हजाराची नक्कल, यांत फरक कळतो का? लेबल दिसत असताना हा प्रश्न सोडवता येत नाही. ऑक्सफर्डमधल्या संशोधकांनी २००५ साली एकच वास काही वेळा 'चेडर चीज' म्हणून आणि काही वेळा 'अंगाचा वास' म्हणून दिला. चीज म्हटल्यावर तो लोकांना जास्त आवडला, आणि मेंदूच्या चित्रांतही फरक दिसला. चीजने जे होतं ते फ्रेंच नावानेही होणारच.

म्हणून त्रिकोणी चाचणी करा. घरातल्या दुसऱ्या कुणाला तीन पट्ट्या तयार करायला सांगा: दोनांवर एक सेंट, तिसरीवर दुसरा, मागे फक्त खुणेचे आकडे. फवारे एकाच वेळी मारलेले हवेत, नाहीतर तुम्ही वास नाही, वय ओळखाल. तुम्ही वेगळी पट्टी शोधायची. नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता तीनात एक. मग मधे दहा-पंधरा मिनिटं मोकळी हवा घेऊन सहा फेऱ्या करा आणि दर फेरीला क्रम बदला. सहापैकी चार बरोबर आले तर उड्या मारू नका. चार किंवा जास्त बरोबर येणं नशिबाने दहात एकदा घडतं. पाच किंवा सहा बरोबर आले तर नशिबाची शक्यता ७२९ मध्ये १३, दोन टक्क्यांच्याही खाली. तेव्हा म्हणा, फरक कळतो.

तुम्हाला कळला आणि बायकोला कळला नाही, किंवा उलट झालं, तर भांडू नका. घामात सापडणाऱ्या अँड्रोस्टेनोनचा वास कुणाला मुतासारखा येतो, कुणाला गोडसर, कुणाला येतच नाही, आणि यातला बराच फरक ओआर७डी४ या एका ग्राहीच्या जनुकावरून ठरतो हे २००७ साली दिसून आलं. गॅलॅक्सोलाइडसारख्या कस्तुरी रेणूंच्या बाबतीतही काही जणांचं नाक कोरं असतं. ज्याला तो रेणूच येत नाही, त्याला नक्कल आणि अस्सल एकसारखी वाटली तर त्याच्यापुरतं ते खरंच आहे, आणि त्याने दीड हजाराचीच बाटली घ्यावी.