केळ्यातलं बी-6, पालकातलं फॉलेट आणि कॅन्सरच्या पेशी : पार्श्वभूमी

रावेर-यावलकडे घरात कॅन्सरचा पेशंट असला की ताटातला एकेक पदार्थ संशयात येतो. ‘बी-6 या जीवनसत्त्वावर कॅन्सर वाढतो म्हणे, मग केळी बंद करायची का?’ असं विचारलं जातं. केळीच्या मुलखात हा प्रश्न लहान नाही. त्याचं मूळ शोधायला मात्र पालकातल्या जीवनसत्त्वापर्यंत मागे जावं लागतं.

1928 मध्ये लूसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर मुंबईत आली. गिरणी कामगार गरोदर बायकांना होणारा जीवघेणा पंडुरोग यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे तिने 1931 मध्ये मांडलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फॉलेट. 1941 मध्ये ते पालकातून मिळवलं गेलं आणि त्याला फॉलिक ॲसिड हे नाव पडलं. आपल्या कळण्याच्या भाकरीतल्या उडदातही ते असतं.

रक्त वाढवणारं हे जीवनसत्त्व रक्ताच्या कॅन्सरलाही बळ देतं की काय, ही शंका बोस्टनच्या सिडनी फार्बर यांना आली. फॉलिक ॲसिड दिलेल्या मुलांचा आजार बळावल्यासारखा दिसत होता. मग त्यांनी उलटा विचार केला : फॉलेटची वाटच अडवली तर? त्यासाठीचं ॲमिनोप्टेरिन हे औषध तयार केलं लेडर्ली प्रयोगशाळेत, भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने. जून 1948 मध्ये निष्कर्ष छापून आले : 16 पैकी 10 मुलांना उतार पडला, तोही तात्पुरता. पण त्याआधी या आजारावर औषध असं नव्हतंच. दोनच महिन्यांनी सुब्बाराव गेले. त्यांचं नाव आपल्याकडच्या शाळकरी मुलांना माहीत नसावं, याची फार खंत वाटते.

औषध काम कसं करतं, ते नंतर कळलं. पेशी दुभंगण्याआधी डीएनएची नक्कल करते. त्यासाठी लागणारे कार्बनचे तुकडे फॉलेट पोचवतं. वापरलेलं फॉलेट पुन्हा कामाजोगं करणारं एन्झाइम (पेशीतली रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) म्हणजे डायहायड्रोफॉलेट रिडक्टेज. ॲमिनोप्टेरिनचं भावंड मेथोट्रेक्सेट या एन्झाइमला असं घट्ट चिकटतं की खरं फॉलेट बाहेरच राहतं आणि नक्कल अडते. तोंडाच्या आतली त्वचाही भराभर वाढणारी, म्हणून पेशंटचं तोंड येतं. 1956 मध्ये याच औषधाने वारेच्या पेशींतून होणारा कॅन्सर बरा झाला. संधिवातासाठी आठवड्यातून एकदा मिळणारी गोळी तीच. तोंड येण्यासारखा त्रास कमी व्हावा म्हणून सोबत फॉलिक ॲसिडही लिहून देतात.

बी-6 ची गोष्ट अलीकडची. 2020 मध्ये अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेने दाखवलं की तीव्र मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरच्या पेशी पीडीएक्सके या एन्झाइमवर फार अवलंबून असतात. ते बी-6 ला फॉस्फेट जोडून कामाला लावतं. निरोगी पेशींनाही बी-6 लागतंच, म्हणून औषधाने अडवायचं आहे ते हे एन्झाइम, जेवणातलं बी-6 नाही. मध्यम केळ्यात बी-6 असतं जेमतेम 0.4 मिलिग्रॅम. या संशोधनात केळी सोडायला कुणीही सांगितलेलं नाही. काळजी घ्यायची ती मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेल्या जास्त ताकदीच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची : केमो चालू असताना त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.