कुत्रीतील खोटी गर्भावस्था

कुत्री गाभण नसताना तिच्या शरीरात आणि वागण्यात गाभणपणाची किंवा नुकतेच व्याल्याची लक्षणे दिसू लागतात, त्या अवस्थेला खोटी गर्भावस्था किंवा आभासी गर्भधारणा म्हणतात. कुत्री पाळणाऱ्यांच्या बोलण्यात ‘फॉल्स प्रेग्नन्सी’ हाच शब्द रूढ आहे. नसबंदी न झालेल्या मादीत माज ओसरल्यावर साधारण ६ ते १२ आठवड्यांनी ही लक्षणे दिसतात आणि बहुतेक वेळा २ ते ३ आठवड्यांत आपोआप मावळतात. नराशी संबंध आलेला असण्याची गरज नसते. स्त्रियांमध्ये क्वचित आढळणाऱ्या अशाच अवस्थेमागे मानसिक कारणांचा मोठा वाटा असतो. कुत्रीत मात्र हा तिच्या नेहमीच्या ऋतुचक्राचाच भाग आहे, त्यामुळे ‘हिला वेड लागले’ किंवा ‘हिला पिल्लांची हौस राहिली’ असे निदान करणे तिच्यावर अन्याय करणारे आहे.

हे का घडते, ते गाईशी तुलना केली की चटकन कळते. गाय फळली नाही तर रिकामे गर्भाशय एक रासायनिक निरोप धाडते. त्याने अंडाशयावरचा पीतपिंड, म्हणजे अंडे सुटल्यावर तिथे तयार होणारी संप्रेरक स्रवणारी गाठ, विरतो आणि सुमारे २१ दिवसांनी गाय उलटते, म्हणजे पुन्हा माजावर येते. कुत्रीच्या शरीरात असा निरोप जातच नाही. गर्भ राहो वा न राहो, तिचे पीतपिंड जवळजवळ दोन महिने प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारे संप्रेरक स्रवत राहतात. कुत्रीचा गर्भकाळही सुमारे ६३ दिवसांचाच असतो. म्हणजे माज सरल्यानंतरचे दोन महिने प्रत्येक मादीचे शरीर गाभण असल्यासारखेच वागत असते. या काळाच्या शेवटी प्रोजेस्टेरॉन उतरते, तसे मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन वाढते. दूध आणणारे आणि आईपण जागवणारे संप्रेरक ते हेच. काही माद्यांत हा बदल कोणाच्या लक्षातही येत नाही, तर काहींना भरभरून पान्हा फुटतो.

लांडग्यांच्या कळपात सहसा एकच मादी विते. इतर माद्यांनाही त्याच सुमारास दूध आले, तर तिच्या पिल्लांना जास्तीच्या दाया मिळतात, असा एक तर्क या अवस्थेच्या उगमाबद्दल मांडला जातो. तो पटण्यासारखा आहे, कारण खोट्या गर्भावस्थेतली कुत्री दुसरीच्या पोरक्या पिल्लांना खरोखर पाजू शकते.

सुरुवात बहुधा वागण्यातून कळते. ती पलंगाखाली किंवा कपाटामागे जागा उकरते, चादरी ओढून नेते, फिरायला यायला कुरकुरते, उगाच कण्हते. एखादे मऊ खेळणे, मोजा, चप्पल तोंडात धरून घरभर फिरते आणि मग ते पोटाशी घेऊन बसते. जवळ जाणाऱ्यावर, अगदी रोज जेवू घालणाऱ्यावरही गुरगुरते. सड फुगतात, दाबल्यावर पाणीदार किंवा दुधासारखा स्राव येतो. पोट सुटल्यासारखे दिसते, भूक कमी होते, कधी उलटी होते. काहींना कळाही येतात.

मात्र ओळख पटवताना घाई करू नये. खरा गर्भ नाही याची खात्री सोनोग्राफीने माजानंतर साधारण महिन्याभरात होते. पिल्लांची हाडे एक्स-रेत दिसायला ४५ दिवसांहून अधिक काळ जावा लागतो. त्याहून महत्त्वाचा धोका पायोमेट्राचा, म्हणजे गर्भाशयात पू होण्याचा. हा जिवावरचा आजारही माजानंतरच्या याच दोन महिन्यांत गाठतो. कुत्री मलूल झाली, सारखे पाणी पिऊ लागली, लघवी वाढली, ताप आला किंवा योनीतून दुर्गंधीयुक्त स्राव आला, तर ‘खोटे पोट असेल’ म्हणून वाट पाहू नये. गर्भाशयाचे मुख बंद असले तर स्राव दिसतही नाही. अशा वेळी त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे.

सौम्य अवस्थेत औषध लागत नाही. सांभाळायची ती एकच गोष्ट : दूध जितके निघेल तितके नवे तयार होते. म्हणून तुंबले आहे असे वाटले तरी सड पिळून दूध काढू नये, मालिश किंवा गरम शेक देऊ नये. कुत्री स्वतःच सड चाटत किंवा चोखत असेल, तर गळ्यात शंकूच्या आकाराची कॉलर घालावी किंवा अंगात जुना सुती टी-शर्ट चढवावा. घरगुती लेपांचा मोह टाळावा. हळदीचा असो वा आणखी कशाचा, लेप लावला की कुत्रीची जीभ तिथेच जाते आणि दूध वाढते. कापूर तर पोटात गेल्यास कुत्र्यांना विषारी आहे.

‘पाजती आहे’ असे समजून पुष्कळ घरांत दूध-अंडी, कॅल्शियम, पिल्लांचे पौष्टिक खाद्य सुरू होते. हेतू मायेचा असतो, पण त्याने दूध टिकून राहते. उलट काही दिवस खाणे थोडे कमी ठेवणे उपयोगी पडते. पाणी तोडण्याचा जुना सल्ला मात्र पाळू नये. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर तो जिवावर बेतेल.

खेळण्यांबाबत नाजूकपणा हवा. पिल्लू मानलेली वस्तू तोंडातून हिसकावली तर चावा बसू शकतो, आणि त्यात तिचा दोष नसतो. ती बाहेर फिरायला गेली असताना खेळणी आणि रचलेले अंथरूण शांतपणे हलवावे, रोजच्या फेरीचा रस्ता बदलावा, चालणे वाढवावे. घरात लहान मूल असेल तर तिच्या कोपऱ्याजवळ त्याला काही दिवस एकटे जाऊ देऊ नये.

लक्षणे तीव्र असतील, दूध थांबतच नसेल किंवा सडांना सूज येऊन ते कडक, गरम आणि दुखरे झाले असतील, तर पशुवैद्य औषध देतात. कडक, गरम सड ही स्तनदाहाची खूण असते. गुरांमध्ये जिला दगडी म्हणतात तीच ही व्याधी, आणि तिच्यावर वेगळे उपचार लागतात. प्रोलॅक्टिन रोखण्यासाठी आज सर्वाधिक वापरले जाणारे औषध कॅबरगोलिन आहे. नेहमीचा डोस वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसातून एकदा ५ मायक्रोग्रॅम, साधारण ५ ते ७ दिवस असा असतो. माणसांसाठीच्या अर्ध्या मिलिग्रॅमच्या एका गोळीत १० किलोच्या कुत्रीचे दहा दिवसांचे औषध असते, इतके हे प्रमाण सूक्ष्म आहे. म्हणून औषधाच्या दुकानातून गोळी आणून अंदाजाने देणे धोक्याचे. खरा गर्भ असेल तर कॅबरगोलिनने तो पडू शकतो. त्याने उलटी झाली तर मेटोक्लोप्रमाइड देऊ नये, कारण ते प्रोलॅक्टिन वाढवते आणि दिलेल्या औषधाचा परिणाम पुसून टाकते. पूर्वी वापरली जाणारी प्रोजेस्टेरॉनसारखी संप्रेरके थांबवली की लक्षणे परततात आणि पायोमेट्राचा धोकाही वाढतो.

‘एकदा पिल्ले होऊ द्या, मग त्रास थांबेल’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. व्याल्यानंतरच्या माजांनंतरही खोटी गर्भावस्था पुन्हा येऊ शकते. ज्या मादीला ती वरचेवर येते, तिच्यासाठी खात्रीचा उपाय नसबंदी हाच. पण तिची वेळ साधावी लागते. अंगात दूध असताना किंवा माजानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत अंडाशय काढले, तर प्रोजेस्टेरॉन एकाएकी कोसळते, प्रोलॅक्टिन उसळते आणि अवस्था लांबते. कधी ती कित्येक महिने रेंगाळते. म्हणून माजानंतर ३ ते ४ महिने थांबून, लक्षणे पूर्ण गेल्यावर शस्त्रक्रिया करणे इष्ट. नसबंदी झालेल्या कुत्रीत वर्षभरानेही चिडचिड किंवा दूध दिसले, तरी हे कारण विचारात घ्यावे. कॅबरगोलिन तिलाही लागू पडते.

रस्त्यावरच्या माद्यांच्या बाबतीत ही वेळ साधता येत नाही. प्राणी जन्मनियंत्रणाच्या नियमांखाली (आधी २००१, आता २०२३) नसबंदीसाठी उचललेली कुत्री चक्राच्या कोणत्याही टप्प्यावर असू शकते. परत सोडल्यावर काही दिवसांतच तिला दूध आले की रोज खाऊ घालणारे घाबरतात. शस्त्रक्रिया फसली किंवा पिल्ले कुठेतरी मागे राहिली, असे त्यांना वाटते. आधीची पिल्ले नव्हती आणि टाक्यांची जागा कोरडी आहे एवढी खात्री झाली, तर सड न हाताळता, जास्तीचा खुराक न देता तिला दोन-तीन आठवडे आपल्या गल्लीत शांत राहू देणे पुरते.