बारीकसारीक पापांवर नजर ठेवायची सवय ख्रिस्ती लोकांना कुठून लागली

'छोटं पाप' हा विषय निघाला की बहुतेक जण थेट बायबलमधल्या लहान कोल्ह्यांवर जातात, द्राक्षमळे नासवणारे, गीतरत्नातले. ठीक आहे, पण त्या ओळीतून रोजची सवय काही तयार झाली नाही. ती तयार झाली चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात, तिथल्या संन्याशांमध्ये.

तिथे एवाग्रियस नावाचा एक साधू होता (मृत्यू 399), त्याने माणसाला घसरवणारे आठ विचार लिहून काढले, खादाडपणा, वासना, पैशाचा लोभ, उदासी, राग, कंटाळा, मिरवण्याची हौस, गर्व. विचार हं, कृत्यं नाहीत. त्याचं म्हणणं असं की विचार मनात शिरतानाच त्याला अडवून विचारायचं, तू आमच्यातला की शत्रूकडचा? कंटाळ्याचं वर्णन तर वाचण्यासारखं आहे, भर दुपारी साधूला वाटतं सूर्य हलतच नाहीये, दिवस पन्नास तासांचा झालाय, आणि तो सारखा खिडकीतून बघतो की कोणी भेटायला येतंय का. मोबाईल नव्हता इतकाच फरक.

कॅसियन नावाच्या साधूने हे सगळं पश्चिमेकडे, म्हणजे युरोपात नेलं आणि सहाव्या शतकाच्या शेवटी पोप ग्रेगरीने आठाची फेरमांडणी केली, तीच पुढे सात मुख्य पापांची यादी झाली. आणि माझ्या मते गाडी इथूनच बदलली, म्हणजे दारावरचा पहारा हळूहळू हिशोबाची वही झाला. त्याच सुमारास आयरिश मठांमध्ये कुठल्या चुकीला किती प्रायश्चित्त याची कोष्टकं होती, कोलुंबान या आयरिश साधूच्या मठाच्या नियमांत तर स्तोत्र सुरू करताना खोकला येऊन नीट म्हणता आलं नाही तर सहा फटके!! मग 1215 च्या लॅटरन परिषदेने (रोममधली चर्चची मोठी सभा) सगळ्यांनाच वर्षातून एकदा तरी कन्फेशन, म्हणजे पाद्रीपुढे पापं कबूल करणं, सक्तीचं केलं.

हिशोबाचा त्रास कसा होतो ते इग्नेशियस लोयोलाकडे बघा, ज्याने पुढे जेझुइट संघ काढला तो. 1522 मध्ये स्पेनमधल्या मानरेसाला असताना तो जुनी पापं परत परत कबूल करायचा, तरी समाधान नाही, जीव द्यायचे विचार यायला लागले. कन्फेशन ऐकणारा म्हणाला अगदी स्पष्ट असेल तेवढंच सांग, तर याला सगळंच स्पष्ट वाटायचं. गंमत म्हणजे पुढे त्यानेच लोकांना दिवसातून दोनदा मन तपासायला आणि एकाच दोषावर लक्ष ठेवून प्रत्येक चुकीला रेघेवर ठिपका द्यायला शिकवलं. पण ठिपके वाढले की घटले एवढंच बघायचं.

प्रोटेस्टंट बाजूला 1530 च्या ऑग्सबर्ग कबुलीपत्रात (ल्यूथरच्या अनुयायांनी आपली श्रद्धा मांडलेला जाहीरनामा) सरळ लिहिलं की एकूण एक पाप मोजून सांगायची गरज नाही. सुटलो असं वाटेल, पण इंग्लंडमधल्या प्युरिटनांनी (कडक वळणाचे प्रोटेस्टंट) कन्फेशनऐवजी डायरी धरली आणि तिथे स्वतःलाच जास्त कडकपणे झापायला लागले.

मला मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीची पद्धत बरी वाटते. 1738 मध्ये त्याने छोट्या गटांचे नियम केले, आठवड्यातून एकदा जमायचं आणि एकमेकांना ठराविक प्रश्न विचारायचे. पहिला प्रश्न जाणूनबुजून केलेल्या पापाचा, तो अपेक्षितच आहे, पण चौथा असा की जे पाप आहे की नाही याचीच शंका आहे असं काही बोललात, केलंत किंवा मनात आणलंत का. बारीकसारीक सगळं खरं तर या चौथ्यातच येतं, आणि त्याचं उत्तर एकट्याने द्यायचं नव्हतं, गटात सगळ्यांसमोर द्यायचं होतं.