निराधार आणि श्रावणबाळचे अर्ज परत का येतात, भरायच्या आधी एवढं वाचा

नमस्कार मंडळी. ग्रामसभेच्या आधी गावातल्या कामांचं काय चाललंय ते सगळ्यांना कळावं म्हणून लिहितेय. वरच्या आळीतल्या पाइपलाइनचं काम चालू आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातले साठ टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेले असतात, त्यामुळे त्यातून बोळात पेव्हर ब्लॉक टाकता येत नाहीत, कुणी मुद्दाम अडवतंय असं समजू नका. दिव्यांच्या तक्रारी शिपायाकडच्या वहीत लिहा, तोंडी सांगितलेलं राहून जातं. घरपट्टी राहिली असेल त्यांनी भरावी.

आता खरं सांगायचं ते. सरपंच म्हणून यंदा मी रस्त्याच्या आधी एक काम धरलंय, ते म्हणजे संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळची प्रकरणं, म्हणजे निराधार आणि म्हाताऱ्या माणसांना सरकारकडून दरमहा मिळणारे पैसे, ज्याला आपण पगार म्हणतो. आपल्या गावातल्या ज्यांना हा पगार खरोखर बसतो त्यांचेच अर्ज तालुक्याहून परत येतायत, आणि कारणं बघितली तर माणूस अपात्र आहे असं क्वचितच निघतं, बहुतेक वेळा एखादा कागद दुसऱ्या कागदाशी जुळत नाही एवढंच असतं. म्हातारी माणसं त्यासाठी एसटीने हेलपाटे मारतात आणि खिडकीवर "त्रुटी आहे" एवढंच ऐकून परत येतात. कुठली त्रुटी, ती कुठे दुरुस्त करायची, हे कुणी नीट सांगत नाही याचा मला फार राग येतो.

कुणाला मिळतं ते आधी. १८ ते ६५ वयाच्या विधवा, परित्यक्ता (नवरा सोडून गेलेल्या), घटस्फोटित बाया, ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेले दिव्यांग, कॅन्सर, क्षयरोग, पक्षाघात अशा आजाराने काम करू न शकणारे, अनाथ मुलं, यांना संजय गांधी. ६५ च्या पुढे श्रावणबाळ. रक्कम महिन्याला १५०० रुपये, दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून २५००. महाराष्ट्रात १५ वर्षं राहत असल्याचा पुरावा लागतो, तो आपल्या लोकांना अवघड नाही. अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत किंवा सेतूत, सोबत आधार, रेशनकार्ड, फोटो, पासबुकाची झेरॉक्स. इथपर्यंत कुणाचं अडत नाही.

अडतं ते उत्पन्नाच्या दाखल्यावर. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत पाहिजे, दिव्यांगांना ५०,००० च्या आत. २१,००० म्हणजे महिन्याला १७५०. एखादी बाई दिवसाला २५० रुपयांनी शेतमजुरीला गेली तर ८४ दिवसांत ती या मर्यादेला पोचते. ही मर्यादा कितीतरी वर्षं तिथेच आहे, मधल्या काळात मजुरी वाढली, तेल वाढलं, गॅस वाढला. मर्यादा वाढवायची मागणी मी ग्रामसभेत ठराव म्हणून मांडणार आहे, पण वाढेपर्यंत आहे त्या नियमात बसवायचंय. तेव्हा दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, नातवाच्या स्कॉलरशिपसाठी काढलेला साठ-सत्तर हजारांचा दाखला घरात असतो आणि तोच उचलून आजीच्या अर्जाला जोडला जातो, अर्ज तिथेच संपतो. आजीचा दाखला आजीच्या नावाने वेगळा काढा. दुसरं, आजीचं नाव जर कमावत्या मुलाच्या रेशनकार्डावर असेल तर मुलाचं उत्पन्न विचारलं जाणारच. प्रत्यक्षात चूल वेगळी असेल, आजी वेगळी राहत असेल, तर आधी रेशनकार्ड विभक्त करून घ्या आणि मग तलाठ्याकडे जा. (आता त्यांच्या दारावरच्या पाटीवर ग्राम महसूल अधिकारी लिहिलेलं असतं, माणूस तोच.) चूल एकच असेल तर खोटं विभक्त करू नका, चौकशीत उघडं पडतं आणि मग खरी गरज असते तेव्हाही कुणी विश्वास ठेवत नाही.

दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याऐवजी त्या यादीचा उतारा चालतो, तो ग्रामपंचायतीत मिळतो. पण पिवळं रेशनकार्ड आहे म्हणजे यादीत नाव आहे असं नाही, हा गोंधळ निम्म्या गावाचा आहे. कार्ड वेगळं, यादी वेगळी. आधी येऊन यादी बघा, मी स्वतः बघून देईन.

तारखेचं एक फार महत्त्वाचं. उत्पन्नाचा दाखला काढल्यापासून वर्षभर चालतो असं सगळे धरून चालतात, तसं नाहीये, तो ३१ मार्चपर्यंतच चालतो. फेब्रुवारीत काढला तर दीड-दोन महिन्यांत मुदत संपते, आणि अर्ज एप्रिलात छाननीला आला की "दाखला मुदतबाह्य". म्हणून वर्षाअखेरीला घाई करून दाखला काढण्यापेक्षा एप्रिल-मेमध्ये काढा आणि लगेच अर्ज टाका.

मग वयाचा पुरावा. आपल्या आज्या-आजोबांपैकी किती जण शाळेत गेले? आधार काढताना कुणीतरी अंदाजाने १ जानेवारी टाकलंय, मतदार ओळखपत्रावर वेगळंच वय, रेशनकार्डावर तिसरंच. एका कागदावर ६७ आणि दुसऱ्यावर ६१ असेल तर श्रावणबाळचा अर्ज पुढे जात नाही. जन्मनोंदीचा उतारा किंवा शाळा सोडल्याचा दाखला असेल तर उत्तम, नसेल तर मतदार यादीतल्या वयाचा उतारा चालतो, आणि तोही पटत नसेल तर ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांकडून वयाचा दाखला मिळतो. हा शेवटचा रस्ता नियमातच दिलेला आहे तरी खिडकीवर कुणी आपणहून सांगत नाही. आधारवर जन्मतारीख चुकली असेल तर आधी ती दुरुस्त करा, पण विचार करून करा कारण जन्मतारीख बदलायची संधी साधारण एकदाच मिळते, पुराव्याशिवाय सेंटरवर जाऊन ती वाया घालवू नका.

विधवा बायांच्या अर्जाला नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला लागतो आणि गावात सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडकलेत. मृत्यू जिथे झाला तिथेच त्याची नोंद होते, माणूस राहायला कुठे होता ते बघत नाहीत. म्हणजे नवरा पुण्याच्या दवाखान्यात गेला असेल तर दाखला पुणे महापालिकेकडून, आपल्या ग्रामपंचायतीच्या रजिस्टरमध्ये तो सापडणार नाही, आमच्या ग्रामसेवकांवर चिडून उपयोग नाही. घरी मृत्यू झाला आणि नोंदच केली नाही असंही खूप आहे. नोंद २१ दिवसांत करायची असते, त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून होते, वर्षाच्या आत असेल तर वरिष्ठांची परवानगी लागते आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, त्याला महिने जातात. दुःखाच्या घरात कागदाचं बोलणं बरं वाटत नाही हे मला कळतं, तरीपण भावकीतल्या कुणीतरी त्या २१ दिवसांत ग्रामपंचायतीत येऊन नोंद करून टाका, पुढे त्या बाईची वर्षं वाचतात. आणि नाव लिहिताना गावात हाक मारायचं नाव देऊ नका. दाखल्यावर बाळू आणि बायकोच्या आधारवर बाळासाहेब, एवढ्यावरून अर्ज परत आलेला मी बघितलाय.

परित्यक्ता बायांकडे तर दाखवायला कागदच नसतो, नवरा सोडून गेला याची पावती कोण देणार. त्यांना नवरा-बायको एकत्र राहत नाहीत असा तहसीलदारांचा दाखला लागतो आणि त्याची चौकशी गावातच होते. तायांनो, चौकशीला माणूस आला की लाजून गप्प बसू नका, मला फोन करा, मी आणि शेजारच्या चार बाया येऊन जबाब देऊ.

आता बँक. अर्ज मंजूर होऊनही पैसे न आलेल्या बाया माझ्याकडे येतात आणि म्हणतात "माझं खातं आधार लिंक आहे". बँकेत आधारची झेरॉक्स देऊन केवायसी केली म्हणजे डीबीटी, म्हणजे सरकारी पैसा थेट खात्यात येणं, चालू झालं असं होत नाही. सरकारी पैसा ज्या एका खात्याला आधार सीडिंग (सरकारी पैशासाठी आधार नंबर खात्याला जोडणं) आहे तिथेच जातो, आणि ते शेवटी ज्या बँकेत केलं तिथे. मधे लाडकी बहीणच्या वेळी बऱ्याच जणींनी पोस्टात नवी खाती उघडली, सीडिंग तिकडे गेलं, आणि त्या जुन्या बँकेचं पासबुक भरून घेत बसल्यात. आधारच्या वेबसाइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' बघता येतं, मोबाइलला आधार जोडलेला पाहिजे एवढंच. जमत नसेल तर ऑपरेटरकडून ग्रामपंचायतीत बघून घ्या.

लाडकी बहीण आणि निराधारचे १५००, दोन्ही एकाच बाईला मिळत नाहीत, तेव्हा दोन्हीकडे अर्ज ठेवून कुणी सांगितलं म्हणून गप्प राहू नका, नंतर अडचण तुम्हालाच येते. पण लाडकी बहीण ६५ ला थांबते हे लक्षात ठेवा. वय होत आलेल्यांनी श्रावणबाळचे कागद आधीपासून गोळा करायला घ्या, नाहीतर मधले कितीतरी महिने हातात काहीच नसतं.

अर्ज दिल्यावर तालुक्याच्या समितीपुढे जातो. बैठक कधी होईल याचा नेम नसतो, महिनोन्‌महिने फायली पडून राहतात, आणि वाट बघणारा माणूस सत्तरीचा असतो हे तिथे कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोचेवर तारीख आणि शिक्का बघा, फोटो काढून मला पाठवा. नामंजूर झालं तर कारण लेखी मागा, तोंडी ऐकून घरी येऊ नका, लेखी कारण हातात असलं की नेमका तेवढाच कागद दुरुस्त करून परत अर्ज करता येतो. पगार चालू असलेल्यांनी दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचाच आहे, तो राहिला की पगार बंद होतो आणि परत चालू करायला नव्या अर्जाएवढाच त्रास.

"मंजूर करून देतो, दोन-तीन हजार द्या" म्हणणारे लोक आजूबाजूच्या गावांत फिरतायत. सेतूच्या ठरलेल्या फीशिवाय कुणाला एक रुपया द्यायचा नाही. कुणी मागितला तर नाव मला सांगा, तुमचं नाव बाहेर जाणार नाही.

दर सोमवारी सकाळी दहा ते एक मी ग्रामपंचायतीत फक्त याच कामासाठी बसणार आहे. अर्ज तालुक्याला न्यायच्या आधी सगळे कागद मूळ प्रतींसकट घेऊन या, नाव, वय आणि खातं आपण समोरासमोर जुळवून बघू. ज्यांना चालवत नाही त्यांच्या घरी आशाताई आणि मी येऊ, शेजाऱ्यांनी फक्त कळवा. आणि ग्रामसभेला या, विशेषतः बायांनी. शंभर मतदार किंवा एकूण मतदारांच्या पंधरा टक्के, यातला कमी आकडा, तेवढी माणसं नसतील तर सभा तहकूब करावी लागते, आणि उत्पन्नाच्या मर्यादेचा ठराव भरलेल्या सभेतूनच वर गेलेला मला हवाय.