पिकअप वाढवणारे स्वस्त जुगाड आणि इंजिनाचं गणित

‘परफॉर्मन्स चिप’ म्हणून काही शे रुपयांना मिळणारी डबी उघडली, तर आत बहुतेक वेळा एक साधा रेझिस्टर निघतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तो रुपया-दोन रुपयांना मिळतो, म्हणून अनेक जण हे काम घरीच करतात. एअर फिल्टरच्या पुढे नळीवर किंवा इनटेक मॅनिफोल्डवर, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांवर, हवेचं तापमान मोजणारा सेन्सर असतो. त्याची एक वायर कापायची आणि मध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर डाखायचा, की झालं.

हा सेन्सर गरम झाला की त्याचा रोध कमी होतो. अनेक गाड्यांत बसणाऱ्या प्रकाराचा रोध ४० अंशांना साधारण १.२ किलोओहम असतो, ० अंशाला ५.९. त्यात ४.७ची भर घातली की एप्रिलमधल्या पुण्याची ४० अंशांची हवा ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, गोठणबिंदूवरची वाटते. थंड हवा दाट असते. मॅनिफोल्डमधला दाब आणि तापमान यांवरून हवा मोजणारं इंजिन असेल, तर ईसीयूच्या हिशेबात आत येणारी हवा जवळपास १५ टक्क्यांनी वाढते आणि तो तेवढंच पेट्रोल जास्त सोडतो. जुगाडाचा सगळा भरवसा या जास्तीच्या पेट्रोलवर असतो.

पण सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर बसलेला असतो. पेट्रोल पूर्ण जळायला एक किलोला १४.७ किलो हवा लागते. जळालेल्या वायूत ऑक्सिजन उरला की नाही, हे हा सेन्सर सतत ईसीयूला कळवत राहतो. पेट्रोल जास्त पडतंय हे काही सेकंदांत लक्षात येतं आणि ईसीयू तेवढी कपात करतो. ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे गाडीच्या तपासणीसाठी दिलेल्या सॉकेटमध्ये, स्वस्तातला ब्लूटूथ अ‍ॅडॅप्टर लावून मोबाइलवर ‘फ्युएल ट्रिम’, म्हणजे ईसीयू पेट्रोलात किती टक्के भर किंवा कपात करतोय तो आकडा, पाहा. निरोगी गाडीत हा आकडा उणे ५ ते अधिक ५ टक्क्यांच्या आत खेळतो. रेझिस्टर बसवलेल्या गाडीत तो उणे १२-१३च्या आसपास जाऊन थांबेल. एका हाताने दिलेलं पेट्रोल दुसऱ्या हाताने काढून घेतलेलं तिथे सरळ दिसतं.

थंड इंजिन सुरू होताना आणि पेडल तळाला टेकवल्यावर मात्र ऑक्सिजन सेन्सरचं ऐकलं जात नाही. पेडल तळाला असताना कंपनीने मिश्रण आधीच १२.५ ते १३ला एक इतकं रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं, ठेवलेलं असतं, कारण ताकद तिथेच सर्वाधिक मिळते. त्यात आणखी १५ टक्के पेट्रोल ओतलं तर प्रमाण अकराच्या आसपास येतं आणि ताकद उलट घटते. प्लगवर काजळी धरते आणि न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन काढतं. यापेक्षा मोठा धोका स्पार्कचा आहे. हवा खरोखर तापलेली असेल, तर नोकिंग (मिश्रणाचा काही भाग आपोआप पेटून बसणारे धक्के) टाळायला ईसीयू स्पार्क थोडा उशिरा देतो. हवा थंड आहे असं त्याला वाटलं, तर तो ही काळजी घेणार नाही. भर उन्हात घाट चढताना पिस्टनवर टकटक ऐकू येऊ लागते ती अशी.

असे उपाय मुळात कुठून आले, हे समजण्यासारखं आहे. कार्बोरेटरच्या काळात, म्हणजे प्रीमियर पद्मिनी आणि सुरुवातीच्या मारुती ८००मध्ये, जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र) बदलणं, स्पार्क देणाऱ्या पॉइंटची गॅप लावणं आणि स्पार्कचं टायमिंग थोडं पुढे घेणं यांनी गाडी खरंच बदलायची. चुकलेलं सेटिंग दुरुस्त करायला तेव्हा मेकॅनिकचा कान हेच साधन होतं. इंजेक्शनच्या गाडीत ते काम दर सेकंदाला कितीतरी वेळा ईसीयूच करतो. मेकॅनिकचा हात जिथे चालायचा ती जागाच आता उरलेली नाही.

पेट्रोल वाचवण्यासाठी लावल्या जाणाऱ्या, पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या बाटलीचा मात्र आकड्यांत हिशेब मांडायला हवा, कारण तिच्यावर विश्वास ठेवणारी माणसं खूप आहेत. स्टीलच्या पट्ट्या, पाणी, त्यात थोडं पोटॅशियम हायड्रॉक्साइड, बॅटरीची वायर आणि गॅस एअर फिल्टरकडे नेणारी नळी. समजा एकामागे एक सहा सेल जोडले आणि १२ व्होल्टवर १० अँपिअर सोडले, म्हणजे १२० वॉट. फॅरडेच्या नियमाने मिनिटाला साधारण ०.४ लिटर हायड्रोजन मिळतो. तो जळून सुमारे ७५ वॉट उष्णता देतो. ताशी ६० किलोमीटरने लिटरला २० किलोमीटर देणारी गाडी त्याच वेळी जवळपास २७,००० वॉटच्या हिशेबाने पेट्रोल जाळत असते. बाटलीचा वाटा ०.३ टक्केही भरत नाही.

तो वाटाही फुकटचा नाही. १२० वॉट अल्टरनेटर (गाडीतला वीज तयार करणारा भाग) देतो, त्यासाठी तो क्रँकवरून, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्यावरून, साधारण २०० वॉट ओढतो आणि इंजिनाची कार्यक्षमता २५ टक्के धरली, तर त्यापायी ८०० वॉटचं पेट्रोल जळतं. ८०० देऊन ७५ घ्यायचे, आणि त्या ७५मधलाही पाव भागच चाकांच्या कामी येतो. शिवाय बॉनेटखाली हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र साठवणं म्हणजे ठिणगीची वाट पाहणारा स्फोटक डबा बाळगणं आहे. पेट्रोलच्या नळीवरच्या लोहचुंबकावर तर एवढे शब्दही खर्च करायला नकोत. पेट्रोलवर चुंबकाचा परिणाम जवळपास शून्य असतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने पेट्रोल वाचवणारी म्हणून विकली जाणारी शंभराहून अधिक उपकरणं तपासली आहेत, त्यांत मायलेज लक्षणीय वाढवणारं एकही सापडलं नाही.

हवेच्या बाबतीत मूळ कल्पना बरोबर आहे. इंजिनात जितकी जास्त हवा जाईल तितकं जास्त पेट्रोल जाळता येतं. चूक होते ती बांधणीत. फिल्टरचा डबा काढून तिथे उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर लावला, तर तो रेडिएटर आणि एक्झॉस्टने तापलेली हवा ओढतो. बाहेर ४२ अंश आणि बॉनेटखाली ६५ अंश असेल, तर त्याच आकारमानात सुमारे ७ टक्के कमी हवा मावते. कंपनीचा डबा दिसायला बोजड असला, तरी त्याची नळी मुद्दाम पुढच्या जाळीजवळ नेलेली असते. घरी पीव्हीसी पाइपची नळी करणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पीव्हीसी ७५-८० अंशांना मऊ पडू लागतं, त्यामुळे मॅनिफोल्डजवळचा पाइप वाकतो आणि सांध्यातून धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. आणि थंड हवेसाठी नळीचं तोंड खाली बंपरपाशी आणलं, तर मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यावर ती पाणी ओढते. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं.

सायलेन्सर कापून सरळ पाइप टाकला की आवाज बदलतो आणि आवाजामुळे गाडी चपळ वाटते. लहान इंजिनात वरच्या आरपीएमला थोडा फरक पडू शकतो, पण पाइप गरजेपेक्षा रुंद झाला तर बाहेर जाणाऱ्या वायूचा वेग मंदावतो आणि शहरात लागणारी खालची ओढ कमी होते. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढल्यास मागचा ऑक्सिजन सेन्सर चेक इंजिनचा दिवा लावतो, आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड मागच्या माणसांच्या नाकात जातो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

रुंद टायरचंही असंच आहे. १८५/६५ आर१५च्या जागी २०५/६५ आर१५ घातला, तर व्यास ६२१ मिलिमीटरवरून ६४७च्या पुढे जातो, म्हणजे ४ टक्के वाढतो. गिअरिंग तेवढंच जड होऊन पिकअप कमी होतो, आणि स्पीडोमीटर आधीपेक्षा ४ टक्के कमी वेग दाखवू लागतो.

कमी खर्चात मिळणारा खरा फायदा गमावलेलं परत मिळवण्यात आहे. टायरची हवा प्रत्येक एका पीएसआयने कमी झाली की मायलेज साधारण ०.२ टक्के घटतं, त्यामुळे ३३ऐवजी २५वर फिरणारी गाडी दीडेक टक्का हकनाक घालवते. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९मध्ये दाखवलं, की इंजेक्शनच्या गाडीत चोंदलेल्या एअर फिल्टरने मायलेजला फारसा धक्का लागत नाही, पण फिल्टर बदलल्यावर वेग पकडण्यात ६ ते ११ टक्के सुधारणा होते. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत अर्थिंगचा बोल्ट गंजतो. मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिन ब्लॉकवर धरून स्टार्टर मारायला सांगा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर अर्थिंगसाठी जास्तीची जाड वायर विकत घेण्याआधी बोल्ट सोडवून पॉलिश पेपरने घासा आणि पुन्हा मोजा.

कोणताही जुगाड पारखायचा तर मोकळ्या, सपाट रस्त्यावर इंजिन पूर्ण तापल्यावर मोजा. एसी बंद, काचा वर, तिसरा गिअर, पेडल तळाला, ताशी ४० ते ८०. वेळ शेजारी बसलेल्याने जीपीएसवर घ्यावी. जाताना तीनदा, येताना तीनदा. मग जुगाड बसवून तेच, आणि काढून पुन्हा तेच. दोन सरासरींमधला फरक एकाच स्थितीतल्या सहा वेळांच्या चढउतारापेक्षा कमी असेल, तर तो फरक मोजू नये. मायलेज एका टाकीवरून ठरवू नका. ३५ लिटरच्या टाकीत पंपावरचं ऑटो-कट एक लिटर मागेपुढे झालं, तरी ३ टक्क्यांची चूक होते. आणि जुगाड बसवताना बॅटरीची वायर काढली असेल, तर ईसीयूने शिकून ठेवलेल्या दुरुस्त्या पुसल्या जातात, त्यामुळे सुरुवातीचे काही किलोमीटर गाडी वेगळीच चालते. म्हणून बसवण्याआधीच्या चाचणीतही ती वायर काढून परत जोडावी, गाडी ५०-६० किलोमीटर फिरवावी आणि मगच घड्याळ लावावं.